डर्ट बाइक वाटेत बंद पडली, तर खर्च किती?

बदलापूरच्या कुळगावातून निघालेली बाइक थोड्याच वेळात कच्च्या वाटेला लागते. एका अंगाला कोंडेश्वर आणि भोज धरण, उल्हास नदीपलीकडे बारवीचे जंगल, पुढे मुरबाड. एक्सपल्स किंवा हिमालयन घेणाऱ्यांना हाच मुलूख खुणावतो. अशा वाटेवर छान चाललेली गाडी एकाएकी बंद पडते आणि कितीही सेल्फ मारला तरी दाद देत नाही. अशा वेळी खिशाला खरी झळ बसते ती अंदाजाने भाग बदलत गेल्यामुळे. म्हणून जे फुकट तपासता येते ते आधी तपासा आणि महाग भागाला सगळ्यांत शेवटी हात लावा.

सुरुवात किल स्विचपासून करा. गाडी पडली असेल, तर फांदी किंवा हात लागून तो अनेकदा बंद होतो. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत, गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी नुसती उभी करून भागत नाही; चावी बंद करून पुन्हा फिरवावी लागते. ज्या गाड्यांना साइड स्टँडचा स्विच आहे, त्यांत तिथे चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडी गिअरमध्ये टाकताच बंद पडते. पाण्याने धुऊन स्टँड चार वेळा वर-खाली करा. मग सीट काढून बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहा. खड्ड्यांच्या वाटेवर ते ढिले होतात, आणि तेवढ्यानेच मीटरसकट सगळे विझते. इथवर खर्च शून्य. फ्यूज उडाला असेल तर दहा-वीस रुपये, आणि जादा फ्यूज बहुधा फ्यूजच्याच डबीत असतो. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोठा फ्यूज टाकू नका, वायरिंग जळेल.

आता टाकीचे झाकण. पेट्रोल खाली उतरायचे तर वरून टाकीत हवा शिरावी लागते आणि त्यासाठी झाकणाला बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले की गाडी काही अंतर नीट चालते, मग दम कोंडल्यासारखी मिस मारते आणि बंद होते. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर बिघाड सापडला. भोक फुंकून मोकळे करा. या एका गोष्टीपायी कार्बोरेटर किंवा पेट्रोल पंप खोलला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तरीही गाडी सुरू झाली नाही, तर प्लग काढा. पाना बहुधा गाडीच्या टूलकिटमध्ये असतो. प्लग ओला निघाला आणि पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल पोचते आहे पण करंट येत नाही, किंवा सेल्फ मारमारून इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. प्लग कोरडा निघाला तर पेट्रोलच येत नाही. पुढचा सगळा खर्च या दोनपैकी कोणत्या बाजूला होणार, हे इथे ठरते. काळा, ओला प्लग पुसून, सुकवून लावला तर पुष्कळदा गाडी निघते. नवा साधा प्लग शंभर ते अडीचशे रुपयांत मिळतो, आणि तो जवळ ठेवणे हा सगळ्यांत स्वस्त विमा आहे. ठिणगी पाहायची असेल तर ती मेकॅनिककडेच पाहा. उघड्या पेट्रोलजवळ तो प्रयोग नको.

कोरड्या प्लगची बाजू आधी घेऊ. हे दर ठोकळमानाने आहेत, गाडीप्रमाणे कमी-जास्त होतील. कार्बोरेटर साफ करायला दोनशे ते चारशे रुपये मजुरी. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच पंपाचा दोन सेकंद गुणगुण आवाज यायला हवा. तो आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघायला सांगा. पंपाचा पूर्ण संच अडीच ते सहा हजारांचा असतो, आणि शंभर-दोनशेच्या रिलेपायी तो बदलला गेला तर फार वाईट वाटते.

करंटच्या बाजूला पहिला संशय बॅटरीवरच जातो. ती बाराशे ते अडीच हजारांची. पण बदलण्याआधी मल्टिमीटर लावायला सांगा: बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट, चालू इंजिनात साडेतेरा ते साडेचौदा. चालू गाडीत आकडा वर चढत नसेल तर दोष चार्जिंगचा आहे, आणि नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल. मग आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा मॅग्नेट कॉइल, दोन्ही साधारण एक ते साडेतीन हजारांच्या दरम्यान. गाडी तापली की बंद, वीस मिनिटांनी गार झाली की चालू, असे होत असेल तर कॉइल, पल्सर कॉइल आणि टॅपेट सेटिंग तपासायला सांगा. टॅपेटची मजुरी काही शेकड्यांत जाते. ‘ईसीएम (इंजिनाचा कंट्रोल मॉड्यूल) गेला’ असे कोणी पहिल्याच तासात म्हणाले, तर दुसरीकडे दाखवा. तो भाग अनेक हजारांचा आहे आणि क्वचितच जातो.

पाण्याचे प्रकरण मात्र वेगळे. उल्हास नदीच्या पुराने 2005 आणि 2019 च्या जुलैत बदलापुरात काय केले ते सगळ्यांना आठवते. ओढ्यात किंवा साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, धक्काही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा आणि एअर फिल्टर उघडून बघा. तो ओला असेल तर प्लग काढून इंजिन हळूहळू फिरवा, पाणी बाहेर पडू द्या. ऑइल दुधाळ दिसले तर गाडी सुरू न करता ऑइल, फिल्टर बदलून घ्या. हजार-दीड हजारांत सुटाल. घाईने सेल्फ मारलात तर हाफ इंजिनाचे काम पाच ते दहा हजारांवर जाते, आणि रॉड वाकला तर फुल इंजिन. अशा नुकसानीची भरपाई साध्या विमा पॉलिसीत सहसा मिळत नाही. इंजिन प्रोटेक्ट कव्हर वेगळे घ्यावे लागते. त्याच्या जोडीला रोडसाइड असिस्टन्स घ्या. काही शेकड्यांत ते वर्षभर मिळते, उलट बारवीकडून टेम्पोत गाडी आणायची तर एका फेरीलाच हजाराच्या पुढे मोजावे लागू शकतात. टेम्पोचे भाडे गाडी चढवण्याआधी ठरवा.

नंबर प्लेट नसलेली, केवळ स्पर्धेसाठी बनवलेली डर्ट बाइक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि तिचे भागही बहुधा बाहेरून मागवावे लागतात. तिच्या खर्चाला वरचे आकडे लागू नाहीत.

गॅरेजमध्ये गाडी सोडताना अंदाजपत्रक व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, ‘विचारल्याशिवाय भाग बदलू नका’ असे स्पष्ट सांगा आणि काढलेला जुना भाग परत मागा. पक्के बिल घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे. कोणी 28 टक्के लावला तर जागच्या जागी विचारा. बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाद मिटला नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढे ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क लागत नाही.