व्हेंटिलेटरवर असताना औषधांना न जुमानणारा जंतू

प्रश्न : वडील न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर आहेत. आता कल्चरमध्ये 'क्लेबसिएला' हा जंतू निघाला, कोलिस्टिन सुरू केलंय. हा शेवटचा उपाय समजायचा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, धीर सोडू नका. कोलिस्टिन १९५०च्या दशकातलं औषध. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून ते मागे पडलं होतं. नेहमीची औषधं निकामी होऊ लागल्यावर परत आलं. मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचं म्हणून वडिलांचं क्रिएटिनिन आणि लघवीचं प्रमाण रोज विचारत जा. जंतू कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिक्सनाही दाद देत नसेल, तर तो औषध निकामी करणारं कोणतं एन्झाइम तयार करतो हे विचारा. आपल्याकडे बऱ्याचदा एनडीएम नावाचं एन्झाइम सापडतं. त्यावर सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम ही जोडी चालते. महाग आहे, पण अशा वेळी कोलिस्टिनपेक्षा मी तीच निवडेन.

मात्र व्हेंटिलेटरच्या नळीतल्या स्रावात जंतू सापडला म्हणजे संसर्ग झालाच, असं नसतं. ताप, एक्स-रे, ऑक्सिजनची वाढती गरज पाहून ते ठरतं.

व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही, तो वेळ मिळवून देतो. म्हणून गुंगीचं औषध रोज कमी करून वडील स्वतः श्वास घेतात का, हे पाहायला हवं. पलंगाची उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच असावी. आणि भेटायला जाताना, निघताना, दोन्ही वेळा हात स्वच्छ करा.