सायकलचे पेडल : निवड आणि निगा

नवी सायकल घ्यावयाची झाली म्हणजे दुकानात आपण प्रथम रंग पाहतो, मग घंटी वाजवून पाहतो, फार तर टायर दाबून पाहतो. पेडलकडे मात्र सहसा कोणी वाकून पाहत नाही. खरे म्हणजे स्वाराचे शरीर सायकलला तीनच ठिकाणी टेकते: खोगिरावर, मुठींवर आणि पेडलवर. यांपैकी पहिली दोन आपले ओझे वाहतात व तोल राखतात. सायकल पुढे ढकलण्याचे सारे काम मात्र पेडलमार्फतच होते. येळ्ळूर, कडोली, उचगाव अशा आसपासच्या गावांहून बेळगावात सायकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांचा पाय पावसाळ्यात त्या चार बोटे रुंदीच्या पट्टीवरून सटकला, तर मागून येणारी मालमोटार कोणासाठी थांबत नाही. म्हणून या लहानशा भागाचा थोडा अभ्यास करावा असे आम्हांला वाटले.

सायकलच्या इतिहासात पेडल तसे उशिरा आले. जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली जी दुचाकी चालवून दाखविली तिला पेडल नव्हतेच. स्वाराने जमिनीला पाय मारीत पुढे जावयाचे होते. १८६६ साली प्येर लालमाँ या फ्रेंच कारागिराने अमेरिकेत पेटंट घेतले, त्यात पुढच्या चाकाच्या आसालाच पेडले जोडलेली होती. अशा रचनेत पायांची एक फेरी म्हणजे चाकाची एकच फेरी. वेग वाढवावयाचा तर चाक मोठे करण्यावाचून उपाय नव्हता, आणि त्यातूनच माणसाच्या छातीइतक्या उंच चाकाची ती धोक्याची सायकल जन्मास आली. पेडल मधोमध घेऊन साखळीने मागचे चाक फिरविण्याची युक्ती पुढे रुळली. जॉन केम्प स्टार्ली याच्या १८८५ च्या ‘रोव्हर’ सायकलीने ती सर्वत्र नेली. आजची आपली सायकल तिचीच वंशज होय.

आता थोडे गणित करू. पेडलची दांडी, म्हणजे क्रँक, १७ सेंटिमीटर लांब धरू. पेडलच्या एका फेरीत पाऊल सुमारे १०७ सेंटिमीटर परिघाच्या वर्तुळातून जाते. पुढच्या दातेरी चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते आणि चाकाचा बाहेरचा व्यास २८ इंच असेल, तर तेवढ्यात सायकल सुमारे ५ मीटर ४६ सेंटिमीटर पुढे जाते. पावलाच्या मानाने रस्ता पाचपटीहून थोडा अधिक कापला गेला. अर्थात जोर तितक्याच पटीने घटला. पन्नास किलो वजनाचा मुलगा क्रँक आडवा असताना एका पेडलवर उभा राहिला, तर मागच्या चाकाशी रस्त्यावर मिळणारा रेटा पावणेदहा किलोच्या आसपास भरतो, आणि तोही घर्षण वजा न करता. चढावर आपण उभे राहून पेडल का मारतो, हे यावरून उमगेल. परंतु त्याच क्षणी शरीराचा सगळा भार एका पेडलवर असतो हेही ध्यानात ठेवावे. पाय सटकण्यास तो सर्वांत वाईट क्षण असतो. स्वार मधल्या दांडीवर आदळतो, मूठ वळते आणि सायकल रस्त्याच्या मध्याकडे जाते.

म्हणून पेडलची पहिली कसोटी पकड ही होय, आणि हलकेपणा किंवा दिसणे ही नंतरची. जुन्या भक्कम सायकलींना दोन रबरी ठोकळ्यांचे पेडल असते. रबर नवे असेतोवर ते फार चांगले. चपलेलाही ते धरून ठेवते आणि नडगीला लागले तरी फारसे दुखवीत नाही. मात्र वर्षा-दोन वर्षांत त्याच्या खाचा झिजून ते गुळगुळीत होते, आणि मग चिखल लागला की साबणासारखे वागते. स्वस्त प्लॅस्टिकची पेडले नवी असतानाच ओल्या बुटाखाली घसरतात. दातेरी कडांचे धातूचे पेडल पकडीला उत्तम, पण पाय चुकला तर ते नडगी सोलून काढते. आमच्या मते शाळेच्या रोजच्या वापराला रुंद, सपाट, दोन्ही बाजूंनी सारखे आणि बोथट उंचवटे असलेले पेडल सर्वांत योग्य. रुंदी इतकी असावी की पावलाचा चवडा त्यावर पूर्ण मावेल. अरुंद पेडलवर पाऊल कडेला कलते आणि लांबच्या रस्त्यात तळवा दुखू लागतो.

पाऊल कोठे ठेवावे याविषयीही बरीच बेफिकिरी दिसते. पुष्कळ मुले पावलाचा मधला खोलगट भाग पेडलवर टेकवतात, काही तर टाचेनेच पेडल मारतात. अशाने घोटा जागच्या जागी राहतो आणि पोटरीचे स्नायू जवळजवळ बेकार होतात. चवड्याचा फुगीर भाग पेडलच्या आसावर, किंवा त्याच्या किंचित पुढे असावा. खोगीर इतके उंच असावे की पेडल अगदी खाली गेल्यावर गुडघा थोडासाच वाकलेला राहील. खोगीर फार खाली असले की गुडघ्याच्या वाटीवर विनाकारण ताण येतो, आणि मुले त्याचा दोष पेडलला देतात! पायात सुटी रबरी चप्पल असेल तर चांगले पेडलही काही करू शकत नाही, कारण पाय आणि चप्पल यांच्यामध्येच घसरण होते. कडक तळव्याचा बूट सर्वांत बरा.

शर्यतीच्या सायकलींची गोष्ट वेगळी. तेथे पाऊल पेडलला बांधून ठेवण्याची चाल जुनी आहे. पूर्वी पेडलपुढे धातूचा पिंजरा आणि त्यातून ओवलेला चामडी पट्टा असे. पाय सोडवावयाचा तर हाताने पट्टा सैल करावा लागे. इटलीच्या चिनेली कंपनीने १९७१ च्या सुमारास बूट थेट अडकविणारे पेडल बाजारात आणले, पण तेही हाताने कळ सरकवून सोडवावे लागे. खरा पालट झाला तो बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांची बंधने बनविणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीमुळे. पडताना बंधन आपोआप सुटावे ही तिची जुनी विद्या तिने पेडलला लावली. टाच बाहेरच्या बाजूस वळविली की बूट सुटतो. बेर्नार इनो याने १९८५ ची ‘टूर द फ्रान्स’ शर्यत अशाच पेडलांवर जिंकली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पट्टे जवळजवळ नाहीसे झाले. गंमत अशी की, ज्या पेडलात बूट पक्का अडकतो त्यालाच इंग्रजीत ‘क्लिपविरहित’ म्हणतात. कारण पूर्वीच्या पिंजऱ्याचे नाव ‘क्लिप’ होते आणि तो आता उरला नाही.

अशा पेडलांमुळे पाऊल वर येताना पेडल ओढता येते व दुप्पट काम होते, असे सर्रास सांगितले जाते. हे तपासून घेण्यासारखे आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरावलेल्या सायकलपटूंना वेगवेगळ्या रीतींनी पेडल मारावयास सांगून त्यांचा प्राणवायूचा खर्च मोजण्यात आला. मुद्दाम वर ओढण्याच्या रीतीत जोराची दिशा अधिक अचूक होती, परंतु तेवढ्याच कामाला शरीराने खर्च केलेली शक्ती मात्र अधिक भरली. पाय उचलणारे स्नायू मांडीच्या पुढच्या स्नायूंइतके समर्थ नसतात, हे त्याचे कारण असावे. तेव्हा बूट अडकण्याचा खरा लाभ दुसराच आहे. मिनिटाला ९०-१०० फेऱ्या फिरवीत असता किंवा खडबडीत रस्त्यावर पाऊल जागचे हलत नाही, आणि चवडा दर वेळी नेमक्या त्याच जागी पडतो. चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या सायकलपटूला याचा उपयोग आहे. खडेबाजारातून दर वीस पावलांना थांबत जाणाऱ्या विद्यार्थ्याला तो नाही. उलट त्याला धोकाच आहे. नवशिका या पेडलांवरून पडतो तो बहुधा वेगात नव्हे, तर थांबताना. सायकल उभी राहते, पाय सुटत नाही, आणि स्वार झाडाच्या फांदीसारखा आडवा होतो.

तरीही ज्यांना लांबच्या सफरींसाठी ती घ्यावयाची असतील त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. बुटाच्या तळाला बसवावयाची पट्टी दोन स्क्रूंची लहान धातूची असते, किंवा तीन स्क्रूंची मोठी प्लॅस्टिकची. पहिली बुटाच्या तळव्यात खोल बसते, त्यामुळे चालता येते. दुसरी बाहेर डोकावते, आणि फरशीवर चालताना माणूस घसरतो. नवख्याने पहिलीच घ्यावी. शिमानो कंपनीची एसएच-५६ ही पट्टी तर टाच अनेक दिशांनी हलविली तरी सुटते. दुसरी गोष्ट म्हणजे टाचेला थोडी इकडे-तिकडे हलण्याची मोकळीक हवी. ती नसेल तर गुडघा दुखावतो. ही मोकळीक पट्टीच्या रंगावरून ओळखतात, आणि येथेच फसगत होते. शिमानोच्या रस्त्याच्या पट्ट्यांत लाल रंग म्हणजे शून्य अंश व पिवळा म्हणजे ६ अंश; लुकच्या ‘केओ’ पट्ट्यांत काळा म्हणजे शून्य, करडा साडेचार, आणि लाल मात्र चक्क ९ अंश! केवळ ‘लाल द्या’ म्हणून मागणाऱ्याच्या हाती काय पडेल ते दुकानदाराच्या कपाटावर अवलंबून राहील. पेडलमधील स्प्रिंग पहिले काही महिने अगदी सैल ठेवावी, भिंतीला धरून पाय अडकविण्याचा-सोडविण्याचा सराव करावा, आणि रस्त्यावर थांबण्यापूर्वीच, थांबल्यावर नव्हे, एक पाय मोकळा करावा.

आता पेडल बदलण्याविषयी. या कामात घरोघरी क्रँक खराब होतात, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, तर डाव्या पेडलचे उलटे असतात. हा कारखानदाराचा लहरीपणा नव्हे. एक पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचे बाहेरचे टोक वर्तुळात फिरवा. मुठीतील पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने हळूहळू फिरताना दिसेल. पेडलचा आस क्रँकच्या भोकात कितीही घट्ट बसविला तरी सूक्ष्म फट राहतेच, आणि पायाच्या दाबाने तो त्या फटीत असाच सरकत असतो. डाव्या बाजूला सरळ आटे असते तर चालता चालता पेडल आपोआप उलगडून रस्त्यात पडले असते. विमानाने जगाला ठाऊक झालेले राइट बंधू मूळचे सायकलींचे दुकानदार. न उलगडणाऱ्या अशा पेडलची जाहिरात त्यांनी १९०० साली केली होती.

पेडलच्या आसावर इंग्रजी ‘एल’ किंवा ‘आर’ हे अक्षर कोरलेले असते. ते पुसले गेले असेल तर आस उभा धरून आट्यांच्या रेषा पाहाव्यात. उजवीकडे चढत गेल्या तर पेडल उजवे, डावीकडे चढत गेल्या तर डावे. आटे ९/१६ इंच मापाचे असतात. लहान मुलांच्या काही सायकलींचे अर्धा इंचाचे असतात, म्हणून जुने पेडल बरोबर घेऊनच दुकानात जावे. आट्यांना वंगण लावावे, पहिले चार-पाच फेरे बोटांनीच बसवावेत, आणि मगच १५ मिलिमीटरचा पाना लावावा. दोन्ही बाजूंना एकच खूण पुरे: पान्याची दांडी वर धरून पुढच्या चाकाकडे ओढली की पेडल आवळते, मागच्या चाकाकडे ओढली की सुटते. बोटांनी फिरत नसलेले पेडल पान्याने जबरदस्तीने घुसविले, तर पोलादाचा आस मऊ ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे कापून काढतो आणि पेडलाऐवजी क्रँकच विकत घ्यावा लागतो.

घेताना पेडल बोटाने फिरवून पाहावे. ते सहज फिरावे, पण आसावर डगमगू नये. आत खरखर जाणवली तर छर्रे कोरडे आहेत किंवा आतील नट फार आवळला आहे असे समजावे. पावसाळा संपल्यावर एकदा पेडल खोलून छर्रे रॉकेलने धुऊन नवे वंगण भरले, तर बेळगावच्या तांबड्या मातीतही ते वर्षानुवर्षे चालते. ज्या पेडलच्या टोकाची टोपी हरवली असेल त्यात चिखल शिरतो. ती टोपी क्षुल्लक समजू नये. वळणावर झुकताना आतल्या बाजूचे पेडल वर ठेवावे, नाहीतर ते जमिनीला घासून मागचे चाक उचलले जाते. नवे पेडल जुन्याहून रुंद असेल तर ही सवय विशेष लागते.

पेडलच्या पुढे-मागे लावलेल्या पिवळ्या चकत्या मुले पुष्कळदा मोडून टाकतात. त्या शोभेसाठी नाहीत. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त काही ठिपके प्रकाशमान ठेवले होते. ते स्थिर असता पाहणाऱ्यास काही बोध होत नसे. हालू लागताच हा चालणारा माणूस आहे हे तत्काळ कळे. मागच्या मडगार्डवरची चकती मोटारीच्या उजेडात रस्त्याकडेच्या खांबाचीही वाटू शकते. पण वर-खाली जाणाऱ्या दोन पिवळ्या ठिणग्या केवळ सायकलस्वाराच्याच असतात. बूट अडकणाऱ्या पेडलांना बहुधा अशा चकत्या नसतात. ती वापरणाऱ्यांनी संध्याकाळी घोट्याभोवती चमकणारा पट्टा बांधावा. हाच पट्टा उजव्या पायाला विजारीवरून बांधला म्हणजे कापड साखळीत सापडण्याचे भयही राहत नाही.