शेजारच्या टेबलावरचा मोठा आवाज

कचेरीत शेजारचे सहकारी फोनवर ओरडून बोलतात, हिशेब चुकतो, संध्याकाळी डोके ठणकते, अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते. भांडण्याआधी कारण पाहा, असे मी सांगतो.

साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच कानतज्ज्ञ लोंबार यांनी हे १९११ मध्ये मांडले. म्हणून आधी खडखडणारा पंखा किंवा कूलर दुरुस्त करून घ्यावा.

दुसरे कारण कानाचे. कानाची नस कमजोर झाली की स्वतःचाच आवाज कमी ऐकू येतो. आपण मोठ्याने बोलतो हे त्या माणसाला कळतच नाही.

चारचौघांत टोकू नये. चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणावे, "भाऊसाहेब, आकडेमोड करताना माझे लक्ष विचलित होते. जेवणाच्या सुटीपर्यंत जरा हळू बोलाल का?" त्यांचा दोष काढू नये, आपली अडचण सांगावी.

ते वारंवार "काय म्हणालात?" असे विचारत असतील, तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घेण्यास आपुलकीने सुचवावे. बहिरेपण वेळीच ओळखलेले बरे.