परसातील वाफा आणि बहिणीचा हिस्सा



फाल्गुनात पळस फुलतो, त्या सुमारास आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कितीतरी मुले घरी परततात. कुणाचे शहरातील काम सुटलेले असते, कुणी वडिलांच्या निधनानंतर आईजवळ राहण्यासाठी येतो. कापूस वेचून झालेला, तूर घरात आलेली. हात रिकामे बसू नयेत म्हणून घरामागच्या जागेत भाजी लावण्याचा विचार सुचतो. विचार उत्तम आहे. ह. दाऊद (अ.) स्वतःच्या हातच्या कमाईचे खात असत, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची नोंद सहीह बुखारीत आहे. ह. अनस (र.) यांच्या कथनानुसार, मुस्लिमाने लावलेल्या रोपातून किंवा पेरलेल्या पिकातून माणूस, पक्षी वा जनावर जे खाईल, तो त्याच्याकडून सदका ठरतो. शेजाऱ्याची शेळी वाफ्यात शिरली तर ओरडण्यापूर्वी एवढे आठवावे. (कुंपण घालू नये, असा मात्र याचा अर्थ नाही!)

परंतु कुदळ उचलण्यापूर्वी स्वतःला विचारा, ही जागा कुणाची?

मदरशाचे शिक्षण संपवून मी गावी परतलो, तेव्हा मला हा प्रश्न सुचला नव्हता. अब्बांच्या पश्चात परसात वांगी, सांभार, पालक लावला. पुसदहून आलेल्या आपा वांगी तोडता तोडता सहज म्हणाल्या, "भाऊ, अब्बांच्या या जागेची वाटणी कधी झाली?" मी मिंबरवरून वारसाहक्क समजावून सांगणारा माणूस, उत्तर देता आले नाही.

हिशेब अवघड नाही. मृताचे कर्ज आणि वैध वसीयत भागवल्यावर पत्नी, एक मुलगा व दोन मुली मागे असतील, तर सूरह निसानुसार मालमत्तेचे 32 भाग करावेत : आईला 4, मुलाला 14, प्रत्येक मुलीला 7. आपल्याकडे होते असे की, बहिणीने तोंड उघडले नाही म्हणजे तिने हक्क सोडला, असे गृहीत धरले जाते. माहेर तुटेल या भीतीने केलेली हक्कसोडपत्रावरील सही ही राजीखुशी नव्हे. दुसऱ्याची वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, ही ह. सईद बिन झैद (र.) यांनी कथन केलेली ताकीद भावालाही लागू आहे. वाटणीला वेळ लागणार असेल तर निदान तिची परवानगी घ्या आणि तिचा हिस्सा लिहून ठेवा.

मग खुशाल पेरा. भेंडी, गवार, चवळी उन्हाळा सोसतात. भेंडी साधारण दीड महिन्यात तोडणीला येते. काळी माती भेगाळते, म्हणून आळ्यात तुरीचे कुटार पसरावे. पाण्याची चणचण असेल तर वुजूचे पाणी साठवा. हनफी मतानुसार ते पाक असते. त्याने पुन्हा वुजू होत नाही, पण झाडांना घालण्यास हरकत नाही. साबणाचे पाणी त्यात मिसळू देऊ नका.

आमच्याकडील चवळीची पहिली तोडणी यंदा पुसदला गेली. गवार अद्याप फुलोऱ्यावर आहे.