परक्याच्या चोरीस आपला हात

(पाठाचा विषय: खाते, पिन व अंगठा ह्यांचा सांभाळ)

मोबाइलवरून पैशाची देवघेव होत नाही असे गाव बीड जिल्ह्यात आता क्वचितच सापडेल. ऊसतोडीस गेलेला मनुष्य दूरच्या फडातून घरी पैसे पाठवितो. किसान सन्मान निधीचा हप्ता, निराधारांचे अनुदान, पीकविम्याची रक्कम ही सर्व खात्यावरच जमा होतात. पूर्वी बँकेकरिता तालुक्यास जाण्यायेण्यात जो दिवस मोडे, तो आता पुष्कळदा वाचतो. ही सोय मोठी आहे. परंतु ज्या वाटेने पैसा घरात येतो त्याच वाटेने तो बाहेरही जातो, आणि त्या वाटेवर चोर बसले आहेत. हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. पुष्कळांस ठाऊक नसते ते हे की, ह्या चोरांचे काम तुमच्याआमच्यासारख्यांच्या साहाय्यावाचून तडीस जात नाही. हीच गोष्ट आजच्या पाठात आम्ही दाखविणार आहो.

१. पुण्याच्या बँकेवरील दरोडा

कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली पुण्यात स्थापन झालेली जुनी बँक आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, तिच्यावर दरोडा पडला. परंतु कोणी दार फोडले नाही, की तिजोरीस हात लावला नाही. एटीएममध्ये कार्ड घातले म्हणजे ते यंत्र बँकेस विचारते, "ह्या मनुष्यास इतके पैसे द्यावे काय?" बँकेची यंत्रणा खाते पाहून उत्तर देते. चोरांनी ह्या यंत्रणेत शिरून मध्येच आपली एक खोटी यंत्रणा उभी केली. ती खाते न पाहताच प्रत्येक वेळी "द्यावे" असे उत्तर देऊ लागली. मग बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून काही तासांतच सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, आणि आपल्या देशातून सुमारे अडीच कोटी. १३ ऑगस्ट रोजी आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यावर पाठविण्यात आले. चोरीची एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख झाली.

आता वाचकांनी नीट लक्ष द्यावे. यंत्रणेत शिरणारा कुशल चोर दूर कोठे तरी बसला होता. तेथून त्यास नोट उचलता येत नव्हती. यंत्रापुढे उभे राहणारे पाय व कार्ड सरकविणारे हात त्यास पाहिजे होते, आणि ते त्यास आपल्या कोल्हापुरासारख्या शहरातही मिळाले. ह्या कामास विद्या लागत नव्हती. लोभ मात्र लागत होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ह्या प्रकरणी ११ जणांस दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली. पैसे काढण्याच्या ह्या कामात गुंतलेले लोकच त्यांत होते. चोरीचा मोठा वाटा परदेशी गेला. तुरुंग मात्र ह्यांच्या वाट्यास आला.

२. भाड्याने दिलेले खाते

ती मोठ्या बँकेची गोष्ट झाली. आता आपल्या वेशीपाशी येऊ. एखाद्या तरुणास कोणी ओळखीचा म्हणतो, "तुझे खाते महिनाभर आम्हांस वापरू दे. पासबुक, एटीएम कार्ड व सिमकार्ड दे. तुला घरबसल्या काही हजार मिळतील." बेकार मुलास हे देवाघरचे देणे वाटते. परंतु विचार करा, व्यापार खरा असता तर त्या मनुष्याने स्वतःच्या नावाने खाते का उघडले नसते? ज्यास आपले नाव लपवावयाचे आहे त्यासच दुसऱ्याचे नाव विकत घ्यावे लागते. कोठल्या तरी म्हाताऱ्याची आयुष्याची पुंजी फसवून घेतली जाते, ती प्रथम अशा भाड्याच्या खात्यात येते, आणि घटकाभरात तेथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकते, म्हणजे माग पुसला जातो.

पोलिस माग काढीत येतात ते प्रथम ह्याच दारी. खाते गोठविले जाते; त्याबरोबर त्यातील स्वतःची मजुरी व अनुदानही अडकते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, ह्याच्या कलम ६६-ड प्रमाणे संगणकाच्या किंवा मोबाइलच्या साधनाने दुसऱ्याचे सोंग घेऊन ठकविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि अशा ठकबाजीस जाणूनबुजून हात देणाराही कायद्याच्या बाहेर राहत नाही. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' अशी म्हण आहे खरी. परंतु मोल घेऊन खाते देणारा संन्यासी नव्हे. "मला ठाऊक नव्हते" असे तो म्हणेल, तर त्यास विचारावे, "काही न करता पैसे मिळाले, तेव्हा तू का विचारले नाहीस?"

३. कोरा अंगठा

मराठी शेतकऱ्यास अंगठ्याची किंमत फार पूर्वी कळली आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ह्या जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा मुख्य रोष सावकारांच्या घरातील रोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. न वाचलेल्या कागदावर उठविलेला अंगठा मनुष्यास कसा बुडवितो हे त्यांनी भोगले होते. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त निबंधकासमोर व्हावा अशी तरतूद झाली.

आजचा पिन, ओटीपी व यंत्रावरील अंगठा हे त्याच जातीचे आहेत. ते दिले म्हणजे सही दिली. म्हणून पुढील गोष्टी पाठ असाव्या.

पैसे मिळण्याकरिता पिन कधीच लागत नाही. पिन घातला म्हणजे पैसे आपणच दिले. ओटीपी बँकेचा अधिकारीही मागत नाही. जो मागतो तो बँकेचा नव्हे. अनोळखी क्रमांकावरून लग्नपत्रिका, दंडाची पावती किंवा योजनेची यादी म्हणून 'एपीके' नावाची जी फाईल येते, ती पत्रिका नसून मोबाइलमध्ये घर करणारा कार्यक्रम असतो. तो तुमच्याकडे येणारे ओटीपीचे संदेश चोरास वाचून दाखवू शकतो. ती उघडू नये. पोलिसाचा वेष घालून कोणी मोबाइलच्या पडद्यावरून "तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे" असे धमकावील, तर फोन बंद करावा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून हेच सांगितले होते. आधारच्या यंत्रावर अंगठा ठेवून पैसे काढणाऱ्याने पावती घ्यावी, आणि "उठला नाही, पुन्हा ठेवा" असे सांगितल्यास आधी खात्यातील शिल्लक पाहावी. ज्यास अंगठ्याने पैसे काढावयाचे नसतात त्यास आधारच्या कार्यक्रमात आपले ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात.

४. वाचता येणाऱ्याचे कर्तव्य

हा भाग आम्ही मुद्दाम पाठ घेणाऱ्या बंधुभगिनींकरिता लिहीत आहो. गावात ज्यास वाचता येते त्याजकडे दहा घरांचे मोबाइल येतात. "मास्तर, तेवढे पैसे आले का पाहा," असे म्हणून म्हातारी मोबाइलही देते आणि पिनही सांगते. त्या घटकेस तिचे सर्व घर तुमच्या मुठीत असते. ह्यास्तव पिन तिच्याच बोटाने घालवावा. आकडे ओळखत नसेल तर चार आकडे शिकवावे, तेवढी विद्या आठवड्यात येते. दुसऱ्याचा पिन आपल्या वहीत लिहू नये. तिच्या खात्यात किती आहे हे पारावर बोलू नये. विश्वासाने दाखविलेले गुपित फोडणे ही चोरी नसली तरी चोरास दिलेली वर्दी आहे.

५. फसवणूक झाल्यास

फसलेला मनुष्य लाजेने गप्प बसतो, आणि चोरास हवा असतो तो हाच वेळ. त्याने ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक सर्व देशाकरिता आहे. पैसा पुढे सरकण्यापूर्वी वर्दी पोहोचली तर तो वाटेत अडविता येतो. लगेच बँकेसही कळवावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत असे तत्त्व आहे की, गिऱ्हाइकाने स्वतःच गुप्त आकडा दिला असेल तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणून एक घटका दवडणे म्हणजे हातची रक्कम दवडणे होय. मग जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

आणि शेजाऱ्यांनी त्यास हसू नये. शिकलेले वकील, डॉक्टर व अधिकारीही ह्या जाळ्यात सापडले आहेत. एकास हसलात की पुढचे दहा आपली फसगत लपवितात.

विचारार्थ प्रश्न

१. पुण्याच्या दरोड्यात दूरच्या चोरास कोणाची गरज पडली, व का?
२. खाते भाड्याने मागणारा मनुष्य स्वतःचे खाते का वापरीत नाही?
३. पैसे घेताना पिन लागतो काय?
४. आपल्या गावात दुसऱ्याचा पिन कोणाकोणास ठाऊक आहे? त्यांनी आता काय करावे?

पाठ संपल्यावर प्रत्येकाने घरी जाऊन १९३० हा आकडा दाराच्या आतील बाजूस, सर्वांस दिसेल असा, खडूने लिहावा; आणि ज्या घरी लिहिणारे कोणी नाही तेथे शेजाऱ्याने जाऊन लिहून द्यावा.