गाविलगड : बांधविणारे आणि बांधणारे
मोर्शीहून परतवाड्यामार्गे चिखलदरा गाठून आम्ही विद्यार्थ्यांसह गाविलगडावर जातो, तेव्हा प्रथम विचारतो : हा गड कोणी बांधला? उत्तर येते, १४२५च्या सुमारास अहमदशहा बहमनीने. मग आम्ही टेहळणीचा बहराम बुरूज दाखवितो. १५७७ सालच्या त्याच्या शिलालेखात बांधविणाऱ्याचे नाव आहे. दगड फोडणाऱ्या, चुना मळणाऱ्या हातांचे नाही. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने गड जिंकला. विजेत्याचे नाव पाठ्यपुस्तकात राहिले, तटावर पडलेल्या सामान्य शिपायांची नाहीत. शूद्र पूर्वी कोण होते, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४६ साली ग्रंथरूपाने इतिहासालाच विचारला. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनीही प्रत्येक तटासमोर उभे राहून विचारावे : बांधविले कोणी, आणि बांधले कोणी?