रस्त्याचा हक्क



रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची एक शाखा आहे, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी मकतबात ऐकली आहे. वाटेतला काटा उचलणे हे ईमानाचे काम असेल, तर आपल्यामुळे वाटेत धोका निर्माण होणे ही किती गंभीर बाब आहे, याचा विचार करावयास हवा.

आपल्या हिंगणा तालुक्याचेच पाहा. सायंकाळी एमआयडीसीतील पाळी सुटते आणि कामगारांच्या दुचाकी कान्होलीबारा, टाकळघाट, गुमगावच्या दिशेने निघतात. त्याच अरुंद रस्त्यांवरून कापसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॉल्या जातात. अनेकांच्या मागे ना दिवा, ना चमकपट्टी. कुठे डांबरावर सोयाबीन वाळत असते. पीक उचलले जाते, भोवती ठेवलेले दगड मात्र तिथेच राहतात. ताशी 60 किलोमीटर वेगाची दुचाकी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. दगड दिसून ब्रेक दाबेपर्यंतच एवढे अंतर संपते.

अपघात घडला, की 'तकदीर होती' असे म्हणून आपण मोकळे होतो. तकदीरवर आपली श्रद्धा आहेच, परंतु प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधावयास आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावयास शिकविले. सूरह निसाच्या 92 व्या आयतीत चुकीने घडलेल्या हत्येसाठीही दियत आणि कफ्फारा सांगितला आहे. गुलाम मुक्त करणे शक्य नसेल, तर सलग दोन महिने रोजे. वारसांनी दियत माफ केली, तरी कफ्फारा उरतोच. हेतू नव्हता म्हणून जबाबदारीही नव्हती, असे शरीअत मानत नाही. हनफी फिकहनुसार सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तो इतरांना इजा न होण्याच्या अटीवर.

आपण घाईचे कारण सांगतो. जमाअत उभी राहिली असली, तरी नमाजकडे धावत न येता शांतपणे यावे, सुटलेली रकअत नंतर पूर्ण करावी, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. नमाजसाठी घाई नाही, तर इफ्तारसाठी किंवा पाळीसाठी भरधाव जाण्यास कोणते कारण उरते?

म्हणून काही गोष्टी आजच ठरवू या. ट्रॉलीला व बैलगाडीला मागे चमकपट्टी लावावी. जुम्याला जातानाही टोपी खिशात आणि हेल्मेट डोक्यावर असावे. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती दुचाकी देऊ नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25 हजार रुपये दंड आहे. जखमीला पाहून पुढे निघून जाऊ नये. त्याच कायद्याने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. खचलेली साइडपट्टी किंवा धोकादायक वळण दिसल्यास ग्रामपंचायतीमार्फत लेखी अर्ज करावा. ग्राममार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. हा अर्जदेखील रस्त्यातला काटा दूर करणेच होय.

त्या वाटेने येणारा कोणत्या धर्माचा, कोणत्या गावचा, हे आपल्याला ठाऊक नसते. तो सुखरूप घरी पोहोचावा, एवढा त्याचा आपल्यावर हक्क आहे. तो अदा करण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.